पंचविसाव्या पलटणीची सायकल : मिझूला ते सेंट लुईस

सायकल ही कष्टकऱ्याच्या घरातली पहिली गाडी. गिरणीच्या भोंग्याला तीच धावली, कारखान्याच्या तिसऱ्या पाळीला तीच धावली, आणि पुढच्या दांडीवर पोराला बसवून शाळेलाही तीच गेली. आता घरातली मुले वेगळी सायकल मागू लागली आहेत. जाड टायरची, गिअरची, पुढच्या चिमट्याला शॉकप असलेली. दुकानात तिला 'एमटीबी' म्हणतात. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरात चालवायची सायकल. ती घ्यावी की नाही, घ्यायची तर कोणती, आणि घेतल्यावर घाटात, खडीत, चिखलात चालवायची कशी, या प्रश्नांची उत्तरे दुकानदार आपापल्या परीने देतातच. परंतु एक वाट अशी आहे की जिने ही उत्तरे सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहेत.

ही वाट अमेरिकेत आहे. वायव्येकडील माँटाना राज्यातल्या मिझूला गावाजवळून ती निघते आणि मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरात संपते. लांबी सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांच्या वर. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावे आणि पुन्हा नाशिक गाठावे, एवढे अंतर. १४ जून १८९७ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास मिझूलाच्या लष्करी छावणीतून वीस काळे सैनिक सायकलींवर स्वार होऊन या वाटेला लागले. बरोबर एक गोरा लेफ्टनंट, एक गोरा डॉक्टर आणि गावच्या वर्तमानपत्राचा एक तरुण बातमीदार. एकूण तेवीस माणसे आणि तेवीस सायकली. रस्ता म्हणावा असा रस्ता बहुतेक ठिकाणी नव्हताच.

कोण होते हे सैनिक?

अमेरिकेत यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने गेली, पण लष्करात काळ्या माणसाला गोऱ्याच्या बरोबरीने उभे राहू दिले गेले नाही. काळ्यांसाठी वेगळ्या पलटणी काढल्या. दोन घोडदळाच्या, दोन पायदळाच्या. पायदळातली पंचविसावी पलटण १८६९ साली उभी राहिली. शिपाई सारे काळे, वरचे अधिकारी गोरे. या पलटणींना बहुतेक वेळ शहरांपासून दूर, पश्चिमेच्या ओसाड मुलुखात ठेवण्यात आले. १८८८ साली पंचविसावी पलटण माँटानात आली. लोक या सैनिकांना 'बफेलो सोल्जर' म्हणत. (त्याच काळात, १८९० नंतर, इकडे इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली होती. तिकडे भरती चालू होती, पण पलटण वेगळी आणि साहेब गोरा.)

लेफ्टनंटचे नाव जेम्स मॉस. वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयातून १८९४ साली बाहेर पडला तेव्हा वर्गात शेवटचा नंबर. शेवटच्या नंबरवाल्याला काळ्या पलटणीत पाठवणे ही तेव्हाची रीत. मॉसला सायकलचे वेड होते. घोड्याला वैरण लागते, पाणी लागते, तो आजारी पडतो, लांबवरून त्याच्या टापा ऐकू येतात. सायकलला यातले काही लागत नाही. मग सैनिकाला घोड्याऐवजी सायकल का देऊ नये, असे त्याने वर कळवले. जनरल नेल्सन माइल्स यांचा पाठिंबा मिळाला आणि १८९६ साली प्रयोग सुरू झाला. प्रयोग मॉसचा, पाय सैनिकांचे.

पहिल्या वर्षी आठ सैनिक निवडले. ऑगस्टमध्ये त्यांना मिशन पर्वतरांगेतल्या मॅकडोनल्ड तळ्यापर्यंत नेऊन आणले. सव्वाशे मैलांची ती चार दिवसांची फेरी पावसाने झोडपून काढली. त्यानंतर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची सुमारे ८०० मैलांची फेरी झाली. गरम पाण्याच्या झऱ्यांनी बनलेल्या पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभे असलेल्या या सैनिकांचे छायाचित्र आजही पुस्तकांतून पाहायला मिळते. त्यात प्रत्येकाच्या हँडलवर गुंडाळी बांधलेली दिसते. ती अंथरूण-पांघरुणाची आणि तंबूच्या कापडाची.

सायकल कशी होती

१८९७ च्या मोठ्या सफरीसाठी स्पाल्डिंग कंपनीने सायकली दिल्या. बाजारातल्या शोभेच्या सायकली या कामाला चालणार नाहीत हे पहिल्या वर्षीच कळले होते. म्हणून रिम पोलादाच्या घेतल्या. पुढचा चिमटा नेहमीपेक्षा जाड. चेनला संपूर्ण पेटी, म्हणजे चिखल आत जाऊ नये. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी टणक पेटी, तिच्यात शिधा. रिकामी सायकल पंधरा किलोच्या आसपास, सामान लादले की पंचवीस किलोच्या वर. शिवाय शिपायाच्या पाठीवर दहा पौंडांची रायफल आणि कमरेच्या पट्ट्यात ५० काडतुसे. गिअर बदलण्याची सोय तेव्हाच्या सायकलींना नव्हतीच. चढाला आणि उताराला एकच चक्का.

आता यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट ही की, सायकलची किंमत तिच्या रंगावरून आणि शॉकपच्या संख्येवरून ठरवू नये. मुलांना पुढे-मागे दोन्हीकडे शॉकप असलेली सायकल भारी वाटते. स्वस्तातली अशी सायकल मुळीच घेऊ नका. तेवढ्या पैशांत चांगला शॉकप बसतच नाही. बसते ती जड स्प्रिंग. चढावर आपण पायडल मारतो ती ताकद त्या स्प्रिंगच्या खालीवर होण्यात जाते, आणि वर्षभरात मागचा जोड खुळखुळू लागतो. त्याच पैशांत शॉकप नसलेली, साध्या चिमट्याची पण चांगल्या चाकांची सायकल येते. चाके चांगली असणे महत्त्वाचे, कारण डोंगरातला सगळा मार चाक खाते. दुकानात चाक उचलून फिरवून पाहावे. रिम ब्रेकच्या रबरापासून एकसारख्या अंतरावर फिरली पाहिजे. तारा जोडीजोडीने चिमटीत दाबून पाहाव्यात. काही ताठ आणि काही ढिल्या लागल्या तर ते चाक महिनाभरात आऊट होणार.

दुसरी गोष्ट माप. दोन पाय जमिनीवर टेकून सायकलच्या दांडीवर उभे राहिले असता दांडी आणि शरीर यांत किमान दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. खडबडीत वाटेवर अचानक उतरावे लागते, तेव्हा हे अंतर उपयोगी पडते. "दोन वर्षांनी मोठा होईल, मोठीच घेऊ" हा कपड्यांचा हिशेब सायकलला लावू नये. सीटची उंची अशी की टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेले, तर गुडघा सरळ व्हावा. मग पायाच्या चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडी घडी राहते. सीट खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे घाटात बोलू लागतात.

डिस्क ब्रेक हवाच का, असे पालक विचारतात. चिखलपाण्यात तो बरा, कारण रिमला लागलेल्या घाणीचा त्याच्याशी संबंध येत नाही. पण हलक्या प्रतीच्या डिस्कपेक्षा चांगले रबर असलेला रिमवरचा व्ही-ब्रेक केव्हाही चांगला. त्याचे रबर कोणत्याही गावात मिळते आणि घरी बदलता येते.

आणि हेल्मेट. सैनिकांकडे ते नव्हते, टोप्या होत्या. आपण मात्र त्यात काटकसर करू नये. दुसऱ्या रंगाच्या सायकलीचे दोनशे-चारशे रुपये वाचवा आणि ते डोक्यावर घाला.

चिखल

माँटानाच्या मातीला तिकडे 'गंबो' म्हणतात. आपल्या काळ्या रानात पहिला पाऊस झाल्यावर चप्पल जशी शेरभर जड होते, तशीच ही माती. चाकाला लागली की सुटत नाही. चाक आणि चिमटा यांच्यामध्ये ती भरत जाते आणि शेवटी चाक फिरणेच थांबते. जूनमध्ये पलटण निघाली ती पावसात. सैनिक थोडे अंतर जात, उतरत, माती खरवडून काढत, पुन्हा निघत. कितीतरी ठिकाणी सायकली ढकलाव्या लागल्या.

म्हणून आजही खऱ्या डोंगरी सायकलीत टायर आणि चिमटा यांच्यामध्ये बोट सहज जाईल एवढी जागा सोडलेली असते. विकत घेताना बोट घालून पाहा. चिखलासाठी टायरच्या गुट्ट्या उंच आणि विरळ हव्यात, म्हणजे माती गुट्ट्यांत अडकून न बसता उडून जाते. रोज डांबरी रस्त्यानेच जायचे असेल तर असले टायर उगाच घरघर करतात आणि पाय दमवतात. त्याला मधोमध सपाट पट्टा असलेले टायर घ्यावेत. चिखलातून आल्यावर चेन पुसून तेलाचे थेंब सोडावेत. थेंबच, अभिषेक नको. जास्तीच्या तेलाला धूळ चिकटते आणि तीच चेन खाते.

खिंड

मिझूलाहून क्लार्क फोर्क नदीचे खोरे धरून, नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या रुळांच्या सोबतीने पलटण पूर्वेकडे गेली आणि रॉकी पर्वतातल्या मलन खिंडीला भिडली. खिंडीची उंची सुमारे ५,९०० फूट. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट, तेव्हा खिंडच त्याहून उंच. जून महिना असूनही वर बर्फ होते. ही खिंड म्हणजे त्या खंडाची पाणलोटाची रेषा आहे. पश्चिम उतारावर पडलेला थेंब पॅसिफिक महासागराला जातो. पूर्वेला पडलेला थेंब मिसुरी नदीत उतरतो, मिसुरी मिसिसिपीला मिळते, आणि त्या संगमाच्या किंचित खाली सेंट लुईस आहे. म्हणजे खिंड ओलांडल्यावर सैनिक आणि पाणी एकाच गावाला निघाले होते. पाण्याचा रस्ता मात्र लांबचा.

एका चक्क्याच्या, लादलेल्या सायकलीने हा चढ चालवत चढणे शक्य नव्हते. सैनिक उतरले आणि ढकलत गेले. आपल्याकडे मुलांना घाटात उतरावे लागले तर लाज वाटते. डोंगरी सायकलस्वारीत ढकलणे, प्रसंगी खांद्यावर घेणे, हा कसबाचाच भाग आहे. आज गिअर आहेत म्हणून चढ सोपा झाला, पण गिअर चढ लागण्याआधी बदलायचा असतो. चढाच्या मध्यावर, पायडलवर सगळा जोर असताना बदलला तर चेन करकरते, उतरते, कधी तुटते. समोर चढ दिसला की आधीच मागचा मोठा आणि पुढचा छोटा चक्का धरावा. सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकावे, छाती हँडलकडे झुकवावी, कोपरे खाली ठेवावीत. असे केले नाही तर पुढचे चाक उचलले जाते. आणि पुरते उभे राहून जोर लावला तर मागचे चाक खडीवर जागीच फिरते. या दोहोंच्या मधली जागा सापडायला दहा-पंधरा चढ तरी लागतात.

उताराचे शास्त्र वेगळे. माणसे पडतात ती बहुतेक उतारावर. उतारावर पायडल मारायचे थांबवून दोन्ही पायडल एका पातळीत आणावेत, एक पुढे, एक मागे. खाली राहिलेले पायडल दगडाला आपटते. सीटवरून थोडे उठावे, गुडघे आणि कोपरे वाकलेली ठेवावीत. आपले हातपाय हाच पहिला शॉकप, आणि तो फुकट आहे. उतार तीव्र असेल तर कंबर सीटच्या मागे न्यावी. ब्रेक दोन्ही लावावेत, पण एकदम आवळू नयेत. पुढचा ब्रेक जास्त काम करतो हे खरे. मात्र तो वळणावर किंवा सुट्या खडीवर जोरात दाबला तर पुढचे चाक निसटते. वेग वळणाच्या आधी कमी करावा. नजर पुढच्या चाकावर नव्हे, दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी. ज्या दगडाकडे टक लावून पाहाल त्याच दगडावर सायकल जाते, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कळते.

लादलेल्या सायकलीचा उतार आणखी अवघड. सामान उंच बांधले तर वळणावर सायकल कलंडते. सैनिकांचा शिधा फ्रेमच्या त्रिकोणात होता, म्हणजे दोन चाकांच्या मधोमध आणि खाली. कॅरिअरवर पिशव्यांचा मनोरा रचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खोरी, गावे, रणभूमी

खिंडीपलीकडे हेलेना, मग लिव्हिंगस्टन, मग यलोस्टोन नदीच्या काठाने बिलिंग्ज. हा टप्पा त्या मानाने बरा गेला. काही दिवस त्यांनी पन्नास-साठ मैलांच्या वर मजल मारली. शिध्याची व्यवस्था चोख होती. जवळ दोन दिवसांचे खाणे, आणि पुढचे रेल्वेने आधीच पाठवून साधारण शंभर मैलांवर ठेवलेले. पीठ, खारवलेले डुकराचे मांस, बीन्स, कॉफी, साखर. आजही लांबच्या सायकल सफरीचा हिशेब हाच असतो. सगळे अंगावर लादायचे नाही.

जूनच्या अखेरीस ते लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवरून गेले. १८७६ साली सू आणि शायन या आदिवासी टोळ्यांनी कर्नल कस्टरच्या तुकडीचा येथे फडशा पाडला होता. ज्यांची जमीन गेली त्यांच्या विजयाचे ठिकाण, आणि तेथून ती जमीन घेणाऱ्या सरकारच्या वर्दीत चाललेले, स्वतःच्या देशात दुय्यम ठरवलेले सैनिक. त्यांच्या मनात काय आले असेल हे मॉसच्या अहवालात शोधून सापडायचे नाही. अहवालात टायर, रिम आणि मैल आहेत.

वाळू

खरी परीक्षा नेब्रास्कात झाली. त्या राज्याचा सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरांचा भाग वाळूच्या टेकड्यांनी व्यापला आहे. 'सँडहिल्स' त्याचे नाव. टेकड्यांवर गवत आहे म्हणून लांबून हिरवे कुरण वाटते, पण गवताखाली वाळूच. वाटेवर तर गवतही नाही. वर जुलैचे ऊन. पाणी खारट, क्षारयुक्त, प्याले की पोट बिघडे. माणसे आजारी पडली. वाळूत चाक घोट्याएवढे रुतत होते. शेवटी त्यांनी बर्लिंग्टन रेल्वेच्या रुळांचा आसरा घेतला आणि स्लीपरांवरून धक्के खात, कधी चालवत, कधी ढकलत ते गेले. सुमारे १७० मैलांचा हा पट्टा पार करायला चार-साडेचार दिवस लागले.

वाळूला रुंद टायर लागतो. त्यांचे टायर आजच्या मानाने बारीक होते. आजच्या डोंगरी सायकलीचा टायर दोन इंचांच्या वर असतो, आणि त्यातली हवा किती ठेवायची हे बहुतेकांना माहीत नसते. पंपवाला टणक होईपर्यंत हवा मारतो आणि आपण समाधानाने निघतो. टायरच्या कडेवर हवेचा किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो. डांबरी रस्त्याला कमालच्या बाजूला, माती-वाळूला किमानच्या बाजूला राहावे. मऊ टायर पसरतो, वाळूवर तरंगतो, दगडाभोवती घडी घेतो. अति कमी केली तर मात्र दगडाच्या धक्क्याने ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. असे जोडीचे पंक्चर दिसले की समजावे, काटा नव्हता, हवा कमी होती.

वाळूत हँडल गच्च धरू नये. वजन थोडे मागे, हलका गिअर, पायडल एकसारखे. मध्येच जोर लावला की चाक खाली खोदू लागते. हँडल इकडे तिकडे डुलेल, त्याला डुलू द्यावे. आणि थांबायचेच असेल तर टणक जागा पाहून थांबावे.

रुळांच्या स्लीपरांवर आणि खडीवर दिवसभर चालले की सगळे नट-बोल्ट ढिले होतात, तारा सैल पडतात. येथे एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. शिपाई जॉन फिंडली. लष्करात येण्यापूर्वी त्यांनी शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केले होते. तुकडीचे मिस्त्री तेच. आपल्यातले कितीतरी लोक कारखान्यात फिटर आहेत, टर्नर आहेत, नाक्यावर सायकल दुरुस्तीचे दुकान चालवतात. अशा माणसाशिवाय ही सफर पहिल्या शंभर मैलांतच संपली असती, हे त्यांना वेगळे सांगायला नको. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक गटात किमान एकाला पंक्चर काढता आले पाहिजे, चेन जोडता आली पाहिजे आणि आऊट झालेले चाक ब्रेकला घासणार नाही एवढे तरी सरळ करता आले पाहिजे. बरोबर हातपंप, एक सुटी ट्यूब, चिकटपट्ट्या आणि सोल्यूशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या, ॲलन चाव्यांचा जुडगा आणि चेन-कटर. एवढे सगळे एका डब्यात मावते.

सेंट लुईस आणि नंतर

२४ जुलैला पलटण सेंट लुईसला पोहोचली. प्रत्यक्ष सायकल चालवण्याचे दिवस ३४. सरासरी रोजी सुमारे ५६ मैल, म्हणजे नव्वद किलोमीटर. हजारो लोक पाहायला आले, फॉरेस्ट पार्कमध्ये संचलन झाले. मॉसने अहवाल दिला की प्रयोग यशस्वी झाला. पुढची सफर मिनेसोटातल्या सेंट पॉलपर्यंत करू द्या, अशी परवानगी त्याने मागितली. ती मिळाली नाही. सैनिक रेल्वेने माँटानाला परतले. १८९८ साली स्पेनशी युद्ध सुरू झाले, पलटण क्युबात गेली, आणि सायकल तुकडीचा विषय बंद झाला.

डोंगरी सायकलींच्या बहुतेक लेखांत इतिहास सुरू होतो तो याच्या जवळजवळ ८० वर्षांनंतर, कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, एका चक्क्याच्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. फेअरफॅक्स गावाजवळचा एक कच्चा रस्ता सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतरतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना पायडल उलटे फिरवून लागणारा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि नवे भरावे लागे. त्यावरून त्या रस्त्याचे नावच 'रीपॅक' पडले. (आपणही यातून घ्यावे. उतारभर ब्रेक धरून ठेवू नये, दाबावा आणि सोडावा.) १९७७ साली जो ब्रीझ यांनी या कामासाठी नव्या फ्रेम बनवल्या. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' मोठ्या प्रमाणावर बाजारात आली, आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. या तरुणांचे श्रेय त्यांचेच आहे. पण लादलेल्या सायकली ढकलत रॉकी पर्वत ओलांडणारे वीस जण त्या लेखांत एखाद्या ओळीचे धनी असतात, पुष्कळदा तेवढेही नाही.

त्या विसांत वयाने सर्वांत मोठे होते मिंगो सँडर्स. सफरीच्या वेळी वय ३९, म्हणजे तुकडीतल्या पोरांना ते वडीलधारे. मॉसच्या खालोखाल तुकडी सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे क्युबात लढले, फिलिपाइन्सला गेले, पंचवीस वर्षांच्या वर नोकरी झाली, पेन्शन दृष्टिपथात आले. १९०६ साली पलटणीचा काही भाग टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल गावी होता. एका रात्री गावात गोळीबार झाला, एक माणूस मेला. गावकऱ्यांनी बोट काळ्या सैनिकांकडे दाखवले. गोरे अधिकारी सांगत होते की त्या वेळी सारे सैनिक छावणीत होते. गुन्हा कोणावरही सिद्ध झाला नाही, खटलाही चालला नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना एकाच हुकमाने लष्करातून काढून टाकले. मिंगो सँडर्स त्यांत होते. पेन्शन गेले. ते दाद मागत राहिले आणि १९२९ साली वारले.

१९७२ साली अमेरिकन लष्कराने तो हुकूम चुकीचा ठरवून सर्वांची नावे निर्दोष केली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ साली, माँटाना विद्यापीठाच्या काळ्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने काही तरुण मिझूलाहून सायकलींवर निघाले आणि पंचविसाव्या पलटणीच्याच वाटेने सेंट लुईसला गेले. मिझूलाच्या छावणीत आता इतिहास-संग्रहालय आहे, आणि मलन खिंडीवरचा रस्ता अजून खडीचाच आहे.